ठमी आज्जीकडं का येईना

तक्रार मांजराची नव्हतीच, सुनेची होती.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. जांबोटीच्या बाजूच्या एका गावातून एक पन्नाशीचे गृहस्थ बेळगावात माझ्याकडे आले. हातात बुट्टी, बुट्टीच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं दोरीनं करकचून बांधलेलं, आत मांजर. सरकारी गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. सारी नोकरी गाईम्हशींत गेली, पण आता घराच्या पुढच्या खोलीत बसतो तर येणाऱ्यांतली निम्मी मांजरंच असतात. मी फडकं सोडत विचारलं, काय होतंय हिला?

"हिला काय न्हाई वो डॉक्टर. खातंय, पितंय, उंदरंबी धरतंय. तुम्ही आमच्या आईला तेवढं जरा समजावून सांगा."

हकिगत अशी. हे मांजर, नाव ठमी, अकरा वर्षं त्यांच्या आईजवळ झोपत आलेलं. दिवाळीनंतर ते आईकडं जाईनासं झालं आणि सुनेजवळ, म्हणजे यांच्या बायकोजवळ, झोपायला लागलं. ही सून चंदगडकडची. लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि त्यातली निदान अकरा तिनं मांजराला 'हुसक, पलीकडं हो' म्हणण्यात घालवली होती. आज्जीचं म्हणणं दोन तऱ्हांचं. एक दिवस म्हणायच्या, हिनं सुक्या मासळीची चटक लावून मांजर फितवलं. दुसऱ्या दिवशी म्हणायच्या, माझे दिवस भरले, जनावराला आधी कळतं. आधीच्या बोलण्यानं घरात भांडण व्हायचं. नंतरच्या बोलण्यानं आज्जींनी रात्रीचं जेवण सोडलं होतं, आणि ती गोष्ट मला जास्त गंभीर वाटली.

मांजर माणसाजवळ का झोपतं, असं नुसतं विचारलं तर चार ठरलेली उत्तरं मिळतात: ऊब, सुरक्षितता, वास, माया. चारही खरी आहेत. पण एखाद्या मांजराच्या बाबतीत यातलं कुठलं किती चालतं, ते झोपणं सुरळीत असताना कळत नाही. गावाकडं एक फेज गेला की घरातला कुठला दिवा कुठल्या फेजवर होता ते कळतं, तसं हे आहे. ठमीच्या बाबतीत एक नव्हे, तीन-चार फेज एकदम गेले होते. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

बुट्टीतलं मांजर

वजन साडेतीन किलो. ताप नाही. मांजराचं अंग मुळातच ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळं हाताला ते नेहमीच कढत लागतं आणि लोक ताप आलाय म्हणून घेऊन येतात. डोळे स्वच्छ, दातांवर कीटण. म्हाताऱ्या मांजरात दोन गोष्टी आधी बघाव्या लागतात: मूत्रपिंडं आणि गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी. खाणं वाढूनही वजन उतरत असेल, पाणी फार पीत असेल, तर झोपायची जागा बदलण्याचं मूळ तिथं असू शकतं. ठमीचं तसं काही नव्हतं. रक्ताचा नमुना पाठवला, तोही ठीक आला.

दोन खुणा मात्र बोलत होत्या. मागच्या पायांची नखं वाढून आत वळली होती आणि कमरेवरचे केस जटा झाल्यासारखे चिकटले होते. मांजर म्हणजे दिवसातले कितीतरी तास स्वतःला चाटत बसणारं जनावर. त्याच्या कमरेवर जटा दिसल्या की मान तिथवर वळत नाही असं समजायचं. मी तिला टेबलावरून खाली सोडलं. उडी मारण्याआधी ती थांबली, पुढचे पाय जमेल तितके खाली सरकवले, आणि मगच उतरली. संधिवात. २००२ साली अमेरिकेत बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले होते, तेव्हा नव्वद जणांच्या सांध्यांत झीज सापडली होती. तरी मांजराला संधिवात होतो हे आपल्याकडं कुणाला पटत नाही, कारण ते लंगडत नाही. फक्त उड्या कमी करतं, आणि आपण म्हणतो, मांजर शहाणं झालं.

मी विचारलं, आज्जी कुठं झोपतात? "कॉटवर. दसऱ्यानंतर आणली. गुडघ्यांचं म्हणून डॉक्टरनं खाली बसायचं, खाली झोपायचं बंद केलंय."

आणि गुडघ्यांना काय लावतात? "मलम. दोनदा. झोपताना जरा जास्तच."

माझं उत्तर तिथंच तयार झालं. कॉट उंच, मांजराचे सांधे आखडलेले, आणि वर मलमाचा भपका. मेंथॉल, कापूर, निलगिरी, विंटरग्रीनचं तेल हे आपल्या नाकाला मोकळं करणारं असतं, मांजराच्या नाकाला ते डोळ्यांत झेंडू बाम गेल्यासारखं. शिवाय धोका वेगळाच. या मलमांतलं सॅलिसिलेट मांजराच्या अंगाला लागलं की ते चाटून पोटात घेतं, आणि ते निकामी करून बाहेर टाकायची यकृतातली यंत्रणा मांजरात फार दुबळी असते. म्हणजे ठमी लांब राहिली ते बरंच झालं होतं.

निघता निघता त्या गृहस्थांनी विचारलं, आईची गुडघ्याची गोळी अर्धी करून हिला दिली तर? मी उठून उभाच राहिलो. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. रक्तातला प्राणवायू वाहून न्यायची ताकद जाते, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात. माणसाची कुठलीही वेदनाशामक गोळी मांजराला द्यायची नाही, अर्धी नाही, पाव नाही. हे वाचणाऱ्या कुणी दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल.

सांगितलं ते असं: मलम बंद, त्याऐवजी मिठाच्या पुरचुंडीचा शेक. कॉटच्या पायथ्याशी विटांवर पाट ठेवून पायरी करा. पण दोन्ही एकदम करू नका, आधी एक, आठवड्यानं दुसरं, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. त्यांचा मुलगा दहावीत आहे, त्यानं वहीत रोज लिहायचं, मांजर रात्री कुठं होतं. आणि आज्जींना सांगा, डॉक्टर म्हणाले तुमचे गुडघे आणि मांजराचे गुडघे एकाच वेळी धरलेत.

एवढ्यावर प्रकरण मिटलं असं मी धरून चाललो होतो.

वहीतल्या नोंदी

मिटलं नव्हतं. मलम बंद केल्यावर ठमी तिन्हीसांजेला सोप्यात येऊन कॉटखाली बसायला लागली, पूर्वी तेवढीही येत नव्हती. आज्जींनी हात खाली सोडला की गाल घासायची, आणि जेवणं झाली की उठून माजघरात जायची. पायरी केल्यावर तिसऱ्या रात्री वर चढली. नातवानं लिहिलं होतं: "चढली. पीठ मळल्यासारखं केलं. दोनदा गोल फिरली. उतरली. आजी रडली."

म्हणजे वास हे एक कारण होतं आणि उंची हे दुसरं. ती दोन्ही दूर केल्यावर मांजर वर आलं, पण थांबलं नाही. कुठंतरी तिसरं काही होतं. मला ते टेबलावरून दिसत नव्हतं, म्हणून जानेवारीच्या मध्यावर एका संध्याकाळी मी स्वतःच गेलो. बेळगावहून चोर्ल्याच्या रस्त्यानं जांबोटीपर्यंत जंगल लागत जातं, आणि रात्री गाडी चालवणं माझ्या डोळ्यांना आता झेपत नाही, त्यामुळं मुक्कामच केला.

घर

जांभ्या दगडाच्या भिंती, मंगळुरी कौलं. पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागं परडं. गॅस आहे, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवर. चूल जिथं आहे ती भिंत माजघराची. संध्याकाळी सातला मी त्या भिंतीला पाठ लावून चहा घेतला आणि उठावंसं वाटेना.

"आज्जी आधी कुठं झोपायच्या?" मी विचारलं.

सुनेनं मी बसलो होतो ती जागा दाखवली.

आज्जी अकरा वर्षं त्या भिंतीशी, जमिनीवर, कांबळ्यावर दोन वाकळी टाकून झोपत होत्या. नवी कॉट आली, ती माजघराच्या दारातून आत जाईना. जुनं दार, चौकट अरुंद. म्हणून कॉट सोप्यातच ठेवली. सासू सोप्यात एकटी, रात्री उठायला लागलं तर हाक ऐकू यावी म्हणून सून आपली आतली खोली सोडून माजघरात झोपायला आली. जागा तीच, भिंतीशी. अंथरूणही तेच. कॉटवर नवी फोमची गादी होती, मग जुन्या वाकळी कशाला धूत बसा, म्हणून तिनं त्याच अंगाखाली घेतल्या.

मांजर आज्जींना सोडून कुठं गेलंच नव्हतं. आज्जीच उठून दुसरीकडं गेल्या होत्या. ठमी अकरा वर्षं जिथं झोपत होती तिथंच, त्याच भिंतीशी, आज्जींच्याच वासाच्या वाकळीवर झोपत होती. त्या वाकळीत आता माणूस कोण आहे हा बदल तिच्या हिशेबात उरलेल्या गोष्टींपेक्षा लहान होता.

कुत्रं माणसाचं, मांजर घराचं, असं आपल्याकडं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे, त्याकडं पुढं येतो. पण म्हणीतलं 'घर' म्हणजे काय, ते मला त्या रात्री पहिल्यांदा नीट दिसलं. एक भिंत, एक वाकळ आणि एक ठरलेली वेळ, एवढंच ते घर.

रात्रीची मोजमापं

माझ्याकडं गोठ्यात वापरायचा साधा तापमापक होता. रात्री साडेनऊला सोप्यात सोळा अंश. माजघरात भिंतीशी वीस. वाकळीच्या आत, सून पाणी प्यायला उठली तेव्हा तिची परवानगी घेऊन ठेवला, तर एकतीस.

हा शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. प्रत्येक प्राण्याला असा एक पट्टा असतो की त्यात अंग गरम ठेवायला किंवा गार करायला वेगळी शक्ती खर्चावी लागत नाही. मांजराचा तो पट्टा साधारण ३० ते ३८ अंशांचा. त्याचे पूर्वज, आफ्रिका आणि पश्चिम आशियातली रानमांजरं, कोरड्या उष्ण मुलखातली. म्हणजे आपण ज्या खोलीत आरामात सदऱ्यावर बसतो तिथं मांजराला थंडी वाजत असते. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर, जांबोटीकडं रानाचा गारवा आणखी. या बाजूच्या मांजराला जानेवारीच्या रात्री तीस अंशांची जागा एकतर चुलीच्या राखेत मिळते, नाहीतर माणसाच्या पांघरुणात. राखेत झोपून मिशा जाळून घेतलेली मांजरं मी पुष्कळ पाहिलीत. माणूस जास्त भरवशाचा, तो मध्यरात्री विझत नाही.

म्हातारपणी ही गरज वाढते. अंगावरचं मांस कमी होतं, आखडलेल्या सांध्यांना गारठा सोसत नाही. आज्जींना शेक लागतो तसाच ठमीला लागत होता, फक्त तिला तो सोळा अंशांच्या सोप्यात मिळत नव्हता.

आता सुरक्षिततेचं. त्या रात्री दोनच्या सुमारास परड्याच्या बाजूनं कुत्री एकदम भुंकायला लागली. गावात बिबट्या येतो, कुत्री उचलतो, आणि मोकाट कुत्री मांजरं फाडतात. ठमीची आई तशीच गेली. मांजर शिकारी आहे हे आपण बघतो, ते स्वतः कुणाची तरी शिकार आहे हे विसरतो. दिवसाचे बारा ते सोळा तास ते झोपून काढतं, पण बराचसा वेळ ती डुलकी असते, कान चालूच असतात. खरी गाढ झोप लागते, मिशा आणि पंजे थरथरतात, तेव्हा अंगातले स्नायू पार सैल पडलेले असतात. त्या काही मिनिटांत मांजर पूर्ण बेवारस असतं. अशा वेळी शेजारी एक मोठं, ओळखीचं, जागं होऊ शकणारं जनावर असावं, हा शहाणपणा आहे. कुत्री भुंकली तशी ठमीनं डोळे उघडले, सुनेकडं पाहिलं. सून हलली नाही. ठमीनं पुन्हा डोळे मिटले. मी दारातून हे बघत होतो, आणि चाळीस वर्षं जनावरांत काढूनही मला ते नवं वाटलं.

मग माया कुठं आली?

सकाळी आज्जींनी मला कॉटवर शेजारी बसवून घेतलं आणि सरळ विचारलं, "म्हंजे तिला माझी गरज न्हाई. भिंतीची हाय. असंच न्हवं?"

या प्रश्नाला घाईनं उत्तर देता येत नाही. मी आधी ठमी घरात कशी आली ते विचारलं. अकरा वर्षांपूर्वीचा आषाढ. गवताच्या माळ्यावर पिंजारात तीन पिल्लं, आई गेलेली, दोन पिल्लं गारठून गेली. तिसरं आज्जींनी पदरात घेतलं, चुलीपुढं बसून कापसाच्या वातीनं दूध पाजलं. डोळे उघडले होते पण पाय लटपटत होते, म्हणजे तीन-चार आठवड्यांचं असणार. पंधरा दिवस ते आज्जींच्या पोटाशी बांधलेलं होतं.

मांजराच्या आयुष्यात दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो की त्यात ज्याचा हात लागेल तो आपला. नंतर ते दार बरंचसं मिटतं. शिवाय अगदी लहान पिल्लाला स्वतःचं अंग स्वतः गरम ठेवता येत नाही, ते आईच्या आणि भावंडांच्या ढिगात राहून जगतं. आयुष्यातली पहिली ऊब, पहिलं दूध आणि पहिला वास एकाच जागी मिळतात, आणि ठमीच्या बाबतीत ती जागा आज्जींचं पोट होती. पंजे मळणं ही आईच्या आचळांना दूध यावं म्हणून पिल्लू करतं ती हालचाल. अकरा वर्षांची म्हातारी झाली तरी ठमी ती करत होती, नव्या फोमच्या गादीवरसुद्धा. फक्त गादीनं उत्तर दिलं नाही. कारखान्याचा वास, अंग ठेवलं की हिंदकळणारी.

वासाचं जरा जास्त सांगतो, कारण माणसाला ते सर्वांत कमी कळतं. मांजराच्या गालांवर, कपाळावर, हनुवटीवर, पंजांच्या गाद्यांत आणि शेपटीच्या मुळाशी ग्रंथी असतात. ते आपल्याला घासतं तेव्हा लाडही करतं आणि शिक्काही मारतं. एकत्र राहणारी मांजरं एकमेकांना घासून, एकमेकांना चाटून, एकमेकांवर झोपून सगळ्यांचा मिळून एक वास तयार करतात, तो वास असलेला तो घरचा. वाकळ ही त्या वासाची वहीच. आज्जींच्या लुगड्यांचे तुकडे, अकरा वर्षांचा घाम, तेल, धूर, आणि ठमीचे केस. हे सगळं सोडून ती कारखान्याच्या गादीवर का यावी?

आणि मायेचं म्हणाल तर त्यावरही काम झालंय. २०१९ साली अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात पिल्लांना मालकाबरोबर दोन मिनिटं अनोळखी खोलीत ठेवलं, दोन मिनिटं एकटं, मग मालक परत. सुमारे ६४ टक्के पिल्लं मालक परत आल्यावर शांत होऊन निवांत खोली बघायला लागली, म्हणजे तो असला की त्यांना धीर यायचा. माणसाच्या तान्ह्या मुलांतही हे प्रमाण साधारण एवढंच सापडतं. म्हण अर्धी खरी म्हणालो ती यासाठी. मांजर घराचं असतंच, पण बहुतेक मांजरांच्या घरात एखादं माणूस हा त्या घराचाच भाग असतो.

मी आज्जींना एवढंच म्हणालो, "आज्जी, तुम्ही वाकळ सोडून आलात. ती तिथं तुमची वाट बघत बसलीय."

हे शास्त्राला धरून नव्हतं. मांजर वाट बघत होतं असं म्हणायला माझ्याकडं काही पुरावा नाही. पण त्या रात्री आज्जी जेवल्या, आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही.

मरणाच्या भविष्याचं

नातवानं मोबाइलवर वाचलेली एक गोष्ट या घरात गोंधळ घालत होती. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका शुश्रूषागृहात ऑस्कर नावाचं मांजर होतं. कुणी रुग्ण अगदी शेवटच्या घटका मोजत असला की ते त्याच्या अंथरुणात जाऊन झोपायचं. तिथल्या डेव्हिड डोसा नावाच्या डॉक्टरांनी २००७ साली एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लिहिलं. गोष्ट खरी आहे, पण एका डॉक्टरनं लिहिलेलं एका मांजराचं निरीक्षण एवढाच तिचा जीव. मरणाऱ्या माणसाच्या अंगाचा वास बदलतो, तो हलत नाही, त्याला उबदार पांघरुणं घातलेली असतात. मांजराला यातलं काहीही पुरेसं असू शकतं.

मी नातवाला विचारलं, ऑस्कर मरणाऱ्याच्या जवळ जायचा, आणि ठमी आजीपासून लांब गेली. मग भविष्य कुणाचं, आजीचं की आईचं? पोरगा हुशार आहे, हसला. सून मात्र हसली नाही. थोडी गडबड झाली, मी विषय बदलला.

शेवटचा बदल आणि एक गुपित

जुनी वरची वाकळ कॉटवर अंथरली, न धुता. सुनेनं नाक मुरडलं पण अंथरली. त्या रात्री ठमी नऊच्या सुमारास पाटावरून वर चढली, वाकळीत तोंड खुपसलं, बराच वेळ मळत राहिली, आणि आज्जींच्या गुडघ्यांच्या मागच्या खळग्यात वेटोळं करून पडली. डोक्याशी नाही, पायांशी. याचाही लोक अर्थ काढतात. माझा अनुभव असा की माणूस झोपेत कुठं कमी लोळतो आणि पळायची वाट कुठून मोकळी आहे, यावर ते ठरतं.

वहीत पुढच्या सगळ्या नोंदी एकसारख्या: नऊ ते पहाटे साडेचार आज्जी, नंतर आई.

साडेचारला सून चूल पेटवायला उठते. पाण्याचा हंडा ठेवते आणि गरम झालेल्या जागी पाच मिनिटं पाठ टेकते. ठमी तेव्हा कॉटवरून उतरून तिच्याकडं जाते. मी निघायच्या आधी सुनेनं मला परड्यात गाठलं. "आत्तींना सांगू नका डॉक्टर. मी चूल पेटवताना हिला सुक्या बांगड्याचं एखादं तुकडं टाकते. आता न्हवं, दोन वर्सं झाली."

म्हणजे फितवल्याचा आरोप सपशेल खोटा नव्हता. कॉट यायच्या आधीच मांजराला पहाटेची माणसं आणि रात्रीची माणसं अशी वाटणी ठाऊक झाली होती. मांजर वेळ फार नेमकी शिकतं. ज्या हातातून जे मिळतं त्या हाताशी ते त्या वेळेला असतं. मी फक्त मासळीतलं मीठ काढायला सांगितलं, तुकडा पाण्यात भिजवून दे म्हटलं, मूत्रपिंडांसाठी. आणि गुपित राखायचं कबूल केलं. आज्जी वाचत नाहीत. नातू वाचतो, त्यानं हा भाग मोठ्यानं वाचू नये.

काही सूचनाही दिल्या, त्या कुणालाही लागू आहेत. मांजर अंथरुणात घेणाऱ्यांनी रेबीजची लस चुकवू नये, पिसवांवर औषध घालावं, अंगावर गोल चट्टा उठला तर मांजराचीही त्वचा तपासून घ्यावी. दमा असलेल्यांनी खोलीतच घेऊ नये, कारण ॲलर्जी केसांनी नव्हे, लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनानं होते, आणि ते वाकळीत महिनोन्‌महिने राहतं. अगदी तान्ह्या बाळाजवळ एकटं सोडू नये. मांजर श्वास ओढतं म्हणून नाही, तोंडाजवळच्या उबेला जाऊन बसतं म्हणून.

ठमीची नखं कापली, जटा काढल्या, सांध्यांसाठी मांजराचं औषध वजनावर बेतून दिलं. नातवानं फेब्रुवारीत शोधून काढलं की कॉटचा डोक्याकडचा भाग स्क्रूनं सुटतो. तो सोडवून कॉट आडवी करून माजघरात नेली, भिंतीशी लावली. आता सासू कॉटवर, सून खाली. सुनेला खरं तर आपल्या खोलीत परत जाता आलं असतं, ती गेली नाही.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आज्जींचा फोन आला. आवाज चढलेला.

"वो डॉक्टर, चार दिस झालं, ना माझ्याकडं, ना तिच्याकडं. सोप्यात फरशीवर तंगड्या पसरून पडूलालंय!"

मी विचारलं, आज्जी, रात्री पंखा लावता काय?

"लावतो की. उकाडा काय थोडा हाय?"